कच्चं लिंबू आणि वस्ताद

आमच्या गल्लीत लपंडाव असो की लगोरी, धाकट्या भावंडाला खेळात घ्यायची रीत ठरलेली होती. तो कच्चं लिंबू. त्याने पळायचं, लपायचं, हवं तेवढं ओरडायचं; पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. तो सापडला तरी सापडला असं धरायचं नाही. मोठ्यांना वाटायचं, केवढे आपण उदार! मी दोन उन्हाळे कच्चं लिंबू होतो, त्यामुळे दुसरी बाजू मला माहीत आहे. आपल्यावर राज्य येत नाही म्हणजे आपण मोजलेच जात नाही, हे पाच वर्षांच्या पोरालाही पहिल्याच दिवशी कळतं.

कुंग-फू-कराटेच्या सिनेमांचं वेड मला त्यानंतर थोड्याच वर्षांत लागलं. गणपतीत वाडीतले लोक वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणत. पहिली कॅसेट देवादिकांची, दुसरी अमिताभची, आणि बायका-म्हातारी माणसं झोपायला गेली की पहाटेच्या सुमारास तिसरी, ब्रूस लीची. संवाद इंग्रजीत. अक्षर कळत नसे आणि काही अडतही नसे. पुढे कधीतरी वाचलं, की त्या काळात हाँगकाँगचे सिनेमे बहुतेक मुकेच चित्रित होत आणि आवाज मागाहून चढवला जाई. म्हणजे जिथे ते बनले तिथल्या प्रेक्षकालाही पडद्यावरचे ओठ आणि कानावरचे शब्द वेगळेच मिळत होते. आमचं फार काही बुडालं नव्हतं.

ब्रूस ली २० जुलै १९७३ ला गेला, बत्तिसाव्या वर्षी. त्याला पन्नास वर्षं उलटली, व्हीसीआर भंगारात गेला, वाडीतल्या पोरांच्या हातात मोबाइल आला. तरी तो साचा काही संपत नाही. कुणाच्या खिजगणतीत नसलेला एक पोरगा, त्याला येता-जाता मारणारे चार दांडगे, मग एक शिकवणारा, मग घाम, मग शेवटची झुंज. हे इतकं का पुरतं? विचारलं की लोक सांगतात, लहान माणसाने मोठ्याला लोळवलं की आपल्याला बरं वाटतं. आपण सगळेच कुठेतरी लहान असतो, तेवढीच भरपाई.

हे उत्तर मला अपुरं वाटतं. जिंकण्यासाठीच आपण हे सिनेमे पाहत असतो, तर ज्यांनी हा साचा जगभर नेला त्यांचे शेवट आपल्याला मुळीच आवडायला नको होते. १९७१ च्या ‘द बिग बॉस’मध्ये ब्रूस ली थायलंडातल्या बर्फाच्या कारखान्यात मजुरीला गेलेला चिनी तरुण आहे. मारामारी करणार नाही असा शब्द देऊन आलेला. कारखान्यातून अमली पदार्थांचा धंदा चालतो, त्यावर बोट ठेवणारे मजूर एकामागून एक नाहीसे होतात. मालक काय करतो? त्यालाच मुकादम करतो! दारू पाजतो, मान देतो, आणि काही काळ हा भोळा गडी त्यात अडकतोही. आपल्याकडच्या गिरणीत किंवा साखर कारखान्यात ज्याने वर्षं काढलीत त्याला ही चाल समजावून सांगावी लागत नाही. शेवटी तो मालकाला संपवतो, पण त्यानंतर पोलीस येतात आणि त्याला घेऊन जातात. पुढच्याच वर्षीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मध्ये तर तो रोखलेल्या बंदुकांवर झेप घेतो. चित्र हवेतच गोठतं आणि गोळ्यांचा आवाज येतो. करंडक नाही, हार नाही, टाळ्या नाहीत.

करंडक आला तो पुढे, अमेरिकेत. जॉन एव्हिल्डसन या दिग्दर्शकाचा १९८४ चा ‘द कराटे किड’ स्पर्धेच्या अंतिम फेरीत, एका पायावरच्या लाथेत आणि उंचावलेल्या चषकात संपतो. गंमत अशी, की याच एव्हिल्डसनने आठ वर्षं आधी ‘रॉकी’ केला होता, आणि त्यातला मुष्टियोद्धा शेवटी गुणांवर हरतो. त्या चित्रपटासाठी एव्हिल्डसनला ऑस्कर मिळालं आणि लोकांनी त्या हरलेल्या माणसाला डोक्यावर घेतलं. म्हणजे शेवटी हात कुणाचा वर जातो यावर गोष्ट टिकत नाही. पकड आधीच बसलेली असते.

कुठे बसते, हे पाहायचं तर १९७८ चा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ घ्यावा. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा, लाउ कार-ल्युंग यांनी केलेला. हा माणूस नुसता दिग्दर्शक नव्हता, हुंग गार या कुंग-फू परंपरेतला घरंदाज वस्ताद होता, आणि त्याने एक धाडस केलं: सिनेमाचा मधला जवळजवळ तासभर फक्त शिकण्याला दिला. गॉर्डन लिउने रंगवलेला तरुण मांचू राजवटीच्या अत्याचारातून कसाबसा निसटून शाओलिन मठात येतो. आल्या आल्या त्याला सर्वांत वरच्या खोलीत जायचं असतं. तिथून तो भिरकावला जातो आणि तळापासून सुरुवात करतो. जेवणघराच्या वाटेवर पाणी, पाण्यात तरंगते ओंडके. तोल सांभाळून पलीकडे गेलास तर जेव, नाहीतर ओला आणि उपाशी राहा. मग दोन्ही हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या न्यायच्या, दंडाखाली सुरे बांधलेले. हात खाली आला की सुरा बरगडीत. मग लांब दांड्याच्या टोकाला वजन बांधून घंटा वाजवायची. पाहणारा कंटाळायला हवा. उलट आपण श्वास धरून बसतो, कारण पडद्यावर कुणीतरी त्या मुलाचा हात किती खाली आला हे पाहतंय, घंटा किती वेळा वाजली हे मोजतंय.

मोजतंय. मला वाटतं, इथेच या सिनेमांचा जीव आहे. जगाने ज्याला कच्चं लिंबू ठरवलं, त्याला एक माणूस मोजायला लागतो. पुढची झुंज ही त्या मोजणीची पावती असते, मिळाली तर मिळाली.

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या वाचकाला हे लगेच कळेल. तालमीत नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी कुणी ढाक आणि कलाजंग शिकवत नाही. त्याच्या हातात फावडं देतात: हौद उकर. लाल माती, तिच्यात हळद, ताक, तेल मुरलेलं. ती खालवर करताना पाठ, खांदे, मनगटं बोलायला लागतात. पोराला वाटतं आपल्याला गड्यासारखं राबवतायत. महिन्या-दोन महिन्यांनी पट काढताना त्याच्या कमरेत जे बळ येतं ते त्या फावड्याचं असतं. मियागी नावाचा म्हातारा ‘कराटे किड’मध्ये डॅनियलकडून गाड्यांना पॉलिश करून घेतो, लाकडी फरशी घासून घेतो, कुंपण रंगवून घेतो, आणि पोरगा भडकला की एका मिनिटात दाखवून देतो की हे सगळे बचावाचे हात होते. हॉलिवुडला हे सुचलं याचं मला अप्रूप वाटत नाही. आमच्या तालमींत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. अप्रूप याचं, की त्या सिनेमातून सगळ्यांत जास्त लोकांच्या तोंडी राहिलं ते ‘वॅक्स ऑन, वॅक्स ऑफ’. गाडी पुसणं!

आणि वस्ताद तालमीत नेमकं काय करतो? डाव सांगतो, हे खरंच. पण बहुतांश वेळ तो कट्ट्यावर बसून मोजतो. जोर किती, बैठका किती. कोण आज दम चोरतोय. कुणाचा खुराक कमी पडतोय. जुन्या तालमीत त्याचे पैसे कुणी घेत नसे.

मियागीचं पात्र नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. तो इमारतीची डागडुजी करणारा म्हातारा आहे, भाडेकरूंच्या लेखी नळ दुरुस्त करणारा हात. एका रात्री दारूच्या नशेत त्याची हकिकत बाहेर पडते. दुसऱ्या महायुद्धात तो ४४२ व्या रेजिमेंटमधून, म्हणजे जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांच्या तुकडीतून लढत होता, आणि त्याच वेळी त्याची बायको त्याच अमेरिकेने मांझानारला उभारलेल्या छावणीत बाळंतपणात गेली, बाळासकट. ही भूमिका करणारे पॅट मोरिटा स्वतः लहानपणी मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं रुग्णालयात होते. बरे होऊन बाहेर पडले आणि आईवडिलांबरोबर अशाच छावणीत गेले. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. ज्या देशाने ज्याला मोजलं नाही, तो माणूस शाळेत कुणी न मोजलेल्या पोराला मोजतो. बाकी सगळा सिनेमा, खरं सांगायचं तर, बेतास बात आहे.

आता आपली गोष्ट. धनुर्विद्या शिकू पाहणारा, दारातून परतवलेला मुलगा आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच होऊन गेला. त्याने मातीचा गुरू केला, स्वतःच स्वतःला मोजलं, आणि खरा गुरू जेव्हा प्रथमच त्याच्या दारी आला तेव्हा शिकवायला नाही, अंगठा मागायला आला. एकलव्याची कथा ज्या समाजाने पोरांना गुरुभक्तीचा धडा म्हणून शिकवली, त्या समाजातल्या पोरांना फी न घेता शिकवणारा म्हातारा पडद्यावर दिसला की काय होत असेल? मला काय झालं ते मी सांगू शकतो. मी त्या पहाटे घरी न जाता देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. मला कुणाला मारायचं नव्हतं. मला कुणीतरी हौद उकरायला लावायला हवं होतं.

या सिनेमांतून जो उपदेश बाजारात विकला जातो त्यावर माझा राग आहे तो याच कारणाने. मेहनत करा, हार मानू नका, यश तुमचंच. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणा हेच सांगतो, क्लासच्या जाहिरातीत हेच असतं. यात वस्ताद कुठे गेला? तो काढून टाकला की उरतं ते इतकंच: हरलास तर मेहनत कमी पडली. गल्लोगल्ली पांढऱ्या पोशाखातले कराटेचे वर्ग निघाले, त्यात पट्ट्याचा रंग बदलला की परीक्षेची फी. फी देणाऱ्या पालकांना मी नावं ठेवत नाही. पण फुकट शिकवणाऱ्या म्हाताऱ्याच्या गोष्टीतून हा धंदा उभा राहावा यातला विनोद कुणाला तरी दिसायला हवा.

खाशाबा जाधवांचं उदाहरण सगळे देतात, बहुतेकदा चुकीच्या कारणासाठी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा मातीतून थेट मॅटवर उतरला होता, तरी सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याने बँटमवेट गटात कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. भाषणांत हे जिद्दीचं उदाहरण असतं. जिद्द होतीच. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. हा भाग भाषणात दोन सेकंदांत उरकतो. खरं तर सगळी गोष्ट तिथे आहे. आणि गोष्टीनंतर काय? पोलिसातली नोकरी, उपेक्षा, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. ज्या वर्षी ‘कराटे किड’ थिएटरांत टाळ्या घेत होता त्याच वर्षी खाशाबा गेले. या योगायोगाला अर्थ नाही, पण मला तो विसरताही येत नाही.

या सिनेमांवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो घेणारे माझे मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, ही अफू आहे. जुलूम साऱ्या व्यवस्थेचा असतो आणि सिनेमा सांगतो, एकट्याने पोटाचे स्नायू कमव, सगळं ठीक होईल. आक्षेपात तथ्य आहे. ‘बिग बॉस’मधला मुकादमकीचा डाव ज्याने लिहिला त्यालाही ते माहीत असावं. पण मग सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधली थिएटरं कुंग-फूच्या सिनेमांनी का भरत होती? न्यूयॉर्कच्या ज्या रॅप गटाने १९९३ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमच्या नावात छत्तीस खोल्या घातल्या, त्या पोरांना काय दिसलं होतं? मला वाटतं, त्यांना ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’चा शेवट समजला होता. मठात खोल्या पस्तीसच असतात. नायक सगळ्या पार करतो आणि छत्तिसावी मागतो, बाहेरच्या साध्या लोकांना शिकवण्यासाठी. मठाला ते मान्य नसतं. शिक्षेच्या निमित्ताने त्याला बाहेर धाडलं जातं, आणि तो गावातल्या लोकांना घेऊन परत येतो. यात अफू कुठली? विद्या भिंतीबाहेर काढा, एवढीच मागणी आहे, आणि ती चांगलीच राजकीय आहे.

आपल्याकडे ही मागणी कुठल्या भाषेत करायची? पदक मिळालं की कोटींची बक्षिसं जाहीर होतात. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं तेव्हाही राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले. मिळायलाच हवेत. पण कुसाळे घडला तो त्याच्या कितीतरी आधी, २००९ मध्ये, त्याच सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाल्यामुळे. म्हणजे सार्वजनिक पैशातून वस्ताद देता येतो, हे आपणच सिद्ध केलंय. तरी बातमी कोटीची होते, प्रबोधिनीची होत नाही. आणि आमच्या शाळेतला पीटीचा तास गणिताच्या राहिलेल्या पोर्शनला जायचा. भाचा म्हणतो, त्याचाही जातो.

एक कबुली मात्र द्यायला हवी. मोजणाऱ्याच्या हातात सत्ता असते. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये म्हाताऱ्या गुरूने जॅकी चॅनला उलटं टांगून, छळून शिकवलेलं पाहताना आपण हसतो. प्रत्यक्षात चॅन सातव्या वर्षी हाँगकाँगच्या ऑपेरा शाळेत दहा वर्षांच्या कराराने बांधला गेला होता, आणि तिथल्या माराबद्दल तो स्वतःच बोललाय. आमचेही वस्ताद पाठीवर काठी ओढत, आणि आम्ही ते प्रेम म्हणून सांगत आलो. ‘दंगल’ने चीनमध्ये हजार कोटींहून अधिक कमावले; पोरींचे केस कापणारा तो बाप तिथल्या प्रेक्षकाला परका वाटला नाही, यात आश्चर्य नाही. पण त्याच फोगाट घराण्यातली विनेश २०२३ मध्ये साक्षी मलिक आणि बजरंग पुनियांबरोबर जंतरमंतरवर बसली, ती कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत उचललं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये विनेशने आंतरराष्ट्रीय आखाड्यात तोवर एकदाही न हरलेल्या युई सुसाकीला पाडलं, अंतिम फेरी गाठली, आणि सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरली. अपात्र. पटकथा म्हणून दिली असती तर कुठल्याही निर्मात्याने परत केली असती.

तेव्हा वस्ताद हवा म्हणताना मी काठी मागत नाही. मोजणाऱ्यालाही कुणीतरी मोजायला हवं, ही गोष्ट या सिनेमांना जमलेली नाही, हे मान्य.

गेल्या दिवाळीत भाच्याबरोबर ‘कोब्रा काई’चे काही भाग पाहिले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत ‘कराटे किड’मधला खलपुरुष जॉनी हा फुटक्या नशिबाचा, बियर पिऊन पडून राहणारा माणूस आहे आणि डॅनियल गाड्यांच्या शोरूमचा मालक. चौतीस वर्षांनी राज्य उलटं फिरलं. भाचा जॉनीच्या बाजूने. मी म्हटलं, आमचा काळ वेगळा होता, थांब, तुला मुळातलं दाखवतो, आणि ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ लावला. शांघायच्या बागेचं फाटक येतं, ‘कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव’ ही पाटी. तशी नेमकी पाटी कधी होती का यावर इतिहासकारांत वाद आहे. चिनी लोकांना १९२८ पर्यंत त्या बागेत बंदी होती, याबद्दल नाही. ब्रूस ली ती पाटी लाथेने फोडतो तिथे आमची अख्खी वाडी उठून उभी राहायची.

“मामा, एक मिनिट,” भाचा म्हणाला आणि सीन मागे घेतला. “फाटकावर त्याला अडवणारा तो पगडीवाला कोण आहे?”

मी पुन्हा पाहिलं. शीख पहारेकरी. इंग्रज पंजाबातून माणसं शांघायला पोलीस म्हणून नेत, हे मला माहीत होतं. हा सिनेमा वीस-पंचवीस वेळा पाहिला होता, हेही खरं. आपलाच माणूस, चार पैशांसाठी समुद्रापार गेलेला, दुसऱ्याच्या फाटकावर तिसऱ्याला अडवायला उभा. त्याला कुणी कधी हौद उकरायला लावला होता की नाही, हे सिनेमा सांगत नाही. तो पाटीकडे बोट दाखवतो, आणि आपण पाटी पाहायला लागतो.